नांगर, तिफण आणि जमिनीखालची तार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या शाळेचे दिवंगत भूगोलशिक्षक विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊन माती हातात घ्यावयास लावीत, असे त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. त्यांनी जमविलेल्या मातीच्या बरण्या प्रयोगशाळेच्या कपाटात अजून आहेत. आजचा माझा विषय त्यांना परका वाटला नसता, एवढ्या आधारावर मी तो निवडला आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने केबल आणि तिच्या नळ्या जमिनीत पुरणाऱ्या नांगराविषयी बोलावे, ही वरकरणी अनधिकारचेष्टा वाटेल. माझा अधिकार एवढाच की, पीएच.डी.च्या निमित्ताने मी शेतीच्या मराठी शब्दांचा अभ्यास केला आणि वऱ्हाड, खानदेश व निमाड या भागांत काही वर्षे औतांच्या मागे हिंडलो. औत कसे चालते हे पाहिल्याखेरीज त्याच्या अवयवांची नावे कळत नाहीत.

या विषयाकडे मला वळविले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो दूरसंचाराच्या कामावर अभियंता आहे. यंत्रचालक आणि मजूर यांच्यासाठी त्याला एक मराठी पुस्तिका तयार करावयाची होती, कारण त्याच्या तुकडीतील बरीच माणसे वऱ्हाडातील आणि बऱ्हाणपूरकडची होती. त्याने विचारले, “सर, इंग्रजीत ज्याला केबल प्लाऊ म्हणतात त्याला आपण केबल-नांगर म्हणावे ना?” मी म्हणालो, “आधी यंत्र दाखव, मग नाव सांगतो.” बेरसिया रस्त्याच्या बाजूला एका शेताच्या बांधालगत ते चालू होते. पाऊण तास पाहिल्यावर माझी खात्री झाली की, हा नांगर नव्हेच. ही तिफण आहे.

हा केवळ शब्दाचा कीस नाही. संस्कृत ‘लांगल’ शब्दावरून आपला ‘नांगर’ आला. नांगराचे काम जमीन फोडून ती उलथी करण्याचे. खालची माती वर यावी, तिला ऊन लागावे, तणाच्या मुळ्या उघड्या पडाव्यात, यासाठी नांगरट करतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात पहिला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत आडवी आली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघर गेला. तो स्वीकारला गेला तो हरळी आणि कुंद्यासारख्या चिवट तणांना मुळापासून उलथण्याची ताकद त्यात होती म्हणून. नांगराची परीक्षा अशी उलथलेल्या ढेकळावरून होते.

तिफणीची रीत निराळी. तिचे फण जमिनीत केवळ एक अरुंद चीर पाडतात. वरच्या चाड्यात मुठीने सोडलेले बी नळांतून उतरते आणि फणाच्या पाठीशी, नेमक्या खोलीवर, ओलीत पडते. माती आपोआप त्यावर येते, मग रासणी होते आणि शेत पुन्हा मिटते. विदर्भात तिफणीमागे दोरीने ‘सरते’ बांधतात. त्यातून बाई चालता चालता तुरीचे दाणे सोडते. बी किती खोल पडले, ते ओलीला लागले की नाही आणि वरची माती नीट बसली की नाही, ही तिफणीची परीक्षा. ते तासात दिसता कामा नये.

आता ते यंत्र पाहा. पोलादाचे एक उभे जाड पाते, त्याच्या पायाशी पुढे आलेले टोकदार नाक, आणि पात्याच्या पाठीला चिकटलेले, खाली वळत गेलेले एक नळकांडे. ट्रॅक्टरच्या तोंडाशी रिळावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची नळी डोक्यावरून मागे येते, नळकांड्यात शिरते आणि पात्याच्या तळाशी बाहेर पडून जमिनीत निजते. दुसऱ्या लहान रिळावरून इशाऱ्याची रंगीत फीत मधल्या खोलीवर सुटते, म्हणजे उद्या कोणी खणू लागला तर आधी ती त्याला लागावी. मागून रूळ फिरतो आणि जमीन मिटते. चाडे, नळ, फण, रासणी, सारे आहे. पुस्तिकेत ‘केबल-तिफण’ हा शब्द गेला, आणि मजुरांना तो समजावून सांगावा लागला नाही. ‘नांगर’ म्हटले असते, तर माती जितकी उलथेल तितके काम चांगले, अशी त्यांची स्वाभाविक समजूत झाली असती. येथे माती जितकी कमी उलथेल तितके काम चांगले.

मात्र या यंत्राच्या कुळात सगळीच यंत्रे तिफणीच्या घराण्यातील नाहीत. दुसऱ्या एका प्रकारात नळी वरून उतरत नाही. पात्याच्या तळाशी बंदुकीच्या गोळीसारखा एक लोखंडी गोळा असतो. नळीचे टोक त्याच्या शेपटीला बांधतात आणि पाते पुढे जाईल तशी सबंध नळी जमिनीतून फरफटत नेतात. परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी, तशी ही रीत. हिचा पूर्वज म्हणजे इंग्लंडातील निचऱ्याचा ‘मोल’ नांगर. ‘मोल’ म्हणजे जमिनीत बिळे करणारा चिचुंदरीसारखा एक प्राणी. जॉन फाउलर याने आयर्लंडमधील दुष्काळानंतरची पाणथळ जमीन पाहिली आणि तिच्या निचऱ्यासाठी असे औत बनविले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडले गेले. दोरावर ओवलेल्या नळ्यांची माळच्या माळ ते जमिनीतून ओढून नेई. म्हणजे नळी पुरणारे औत तारेच्या कामासाठी जन्माला आले असे नाही. ते पाण्याच्या कामासाठी आले आणि तारेने ते उसने घेतले.

निवड करताना पहिला प्रश्न येथेच उपस्थित होतो. नेफा लांब असला की नाडी अडते. फरफटत नेलेल्या नळीवर मातीचे घर्षण प्रत्येक हाताला वाढत जाते आणि तिच्यावर ताण येतो. घराच्या अंगणातून दिव्याची तार न्यावयाची असेल, तर ही रीत स्वस्त आणि पुरेशी आहे. कोसोकोस जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या मार्गाला ती चालणार नाही. तेथे नळी वरून उतरविणारे यंत्रच हवे, कारण त्यात नळी जागची हलत नाही, यंत्र तिच्या अंगावरून पुढे जाते. आपल्याकडे बहुधा तार थेट पुरत नाहीत. आधी ४० मिलिमीटर बाह्य व्यासाची रिकामी नळी पुरतात आणि मग दाबाच्या हवेने तिच्यात केबल फुंकतात. नळकांड्याच्या वळणावर नळी चिमटली, तर ही फुंकलेली केबल तेथेच थांबते. तार सरळ पुरावयाची असल्यास वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या सुमारे वीस पटींहून कमी नसावी, असा संकेत आहे. दुकानदार यंत्राची अश्वशक्ती सांगतो. खरेदी करणाऱ्याने नळकांड्याची वळणाची त्रिज्या विचारावी.

दुसरा प्रश्न खोलीचा, आणि येथे भारतातील स्थिती निराळी आहे. आपल्या दूरसंचार खात्याच्या प्रघातानुसार ऑप्टिकल फायबरची नळी साधारण जमिनीत १६५ सेंटिमीटर खोल जावी लागते. म्हणजे उभा माणूस जवळजवळ झाकला जावा इतके. खडक लागला, तर खोली कमी करण्याची सवलत मिळते. पण मग काँक्रीटचे किंवा लोखंडी नळाचे कवच द्यावे लागते. परदेशांतील पुष्कळ लहान यंत्रे हात-दीड हात खोलीवर काम करतात. त्यांची माहितीपत्रके पाहून कोणी भुलू नये, कारण आपल्या प्रघाताला ती अर्ध्यावरही पुरत नाहीत.

त्या लहान यंत्रांत एक मोठी सोय असते, ती मात्र सांगितली पाहिजे. त्यांचे पाते कंप पावते. घट्ट बसलेली खुंटी आपण नुसती ओढत नाही, हलवून हलवून काढतो, तसेच हे. पाते वरखाली थरथरत राहिल्याने मातीची पकड सुटते आणि हलका ट्रॅक्टरही ते ओढू शकतो. बागा, वसाहती, मऊ जमीन आणि बारीक तार यांसाठी ते उत्तम. खोल कामासाठी न थरथरणारे, भारी, नुसत्या ओढीवर चालणारे पाते लागते. खोली दुप्पट केली की ओढ दुपटीवर थांबत नाही, तिच्याही पुष्कळ पुढे जाते. आपल्या पूर्वजांना हे गणिताशिवाय ठाऊक होते. खानदेशात आणि दख्खनेत काळ्या रानाला सहा बैली, आठ बैली नांगर जुंपीत, ते काही श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी नव्हे.

भारी पाते ओढताना आणखी एक गोष्ट होते: पाते अडते आणि ट्रॅक्टरची चाके जागच्या जागी फिरून शेत खणीत बसतात. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यावर चालणारा, लोक ज्याला चेन ट्रॅक्टर म्हणतात तो. दुसरा असा की, ओढणारे वाहन पुढे जाऊन जमिनीत पाय रोवून उभे राहते आणि पोलादी दोराने विंचवरून पात्याचा गाडा आपल्याकडे ओढून घेते. उभे राहून ओढणारा घसरत नाही. फाउलरने पुढे वाफेच्या नांगराला हीच दोरयुक्ती वापरली होती. १६५ सेंटिमीटरचा आग्रह पाळावयाचा असेल आणि माती भारी असेल, तर माझ्या अल्प समजुतीप्रमाणे विंचचे यंत्र हाच खरा पर्याय उरतो. आणि ते न परवडल्यास पाते बाजूला ठेवून सरळ चर खणावा. मधला मार्ग, म्हणजे अपुऱ्या ताकदीचे यंत्र आणून जाईल तेवढे खोल नेणे, हा सर्वांत महाग पडतो. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता मातीविषयी. भोपाळच्या टेकड्या, म्हणजे श्यामला, ईदगाह, अरेरा या, विंध्य वालुकाश्माच्या आहेत. शहराबाहेर पडले की ठिकठिकाणी लाव्हाचा काळा दगड आणि त्यावर पसरलेली काळी माती लागते. आठ-दहा कोसांच्या मार्गावर खडक, मुरूम, काळी आणि नाल्यांचे थळ असे सारे भेटते. अशा मार्गाला एकच यंत्र निवडणे म्हणजे घरातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली करून घेणे होय. वालुकाश्माला पाते लावूच नये; तेथे दातेरी चाकाने खडक कापतात. नाला, रस्ता आणि रेल्वेमार्ग यांच्याखालून आडवे छिद्र पाडून नळी ओढतात. भर शहरात तर पाते निषिद्धच मानावे, कारण पाते आंधळे असते. चर खणणाऱ्याला पाण्याचा नळ निदान दिसण्याची शक्यता असते. पाते तो कापूनही पुढे गेलेले असते. आमच्या वसाहतीत एका यंत्राने असाच पाण्याचा मुख्य नळ फोडला आणि पुढे चार दिवस आम्ही टँकरच्या रांगेत उभे होतो. यंत्र ज्यांचे होते त्यांचे म्हणणे असे की, नळ नकाशात नव्हता. ते खरेही असेल. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची मोबाइलवरील सोय सुरू केली, ती खणणाऱ्याने आधी भूमिगत मालमत्तेच्या धन्यांना कळवावे यासाठीच.

पाते खऱ्या अर्थाने चालावे अशी जमीन म्हणजे काळी. पण काळीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते आणि मीटरभरही खोल भेगाळते. वरची माती त्या भेगांत पडते, पुन्हा पावसात खालची वर रेटली जाते. म्हणून ही जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते असे म्हणतात. शेतकऱ्याला ते वरदान, केबल पुरणाऱ्याला ते संकट. जी जमीन स्वतः हलते, ती आपल्या पोटातली नळीही हलविते. पात्याने पाडलेली चीर पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडू शकते, कारण भेगेला तयार वाट मिळालेली असते. आणि मृगाचे पाणी त्या वाटेने थेट खाली उतरते. १६५ सेंटिमीटर हा आकडा कागदी हट्ट नव्हे हे येथे पटते: एवढ्या खोलीवर भेगांचा उपद्रव पुष्कळसा वरच राहतो, आणि शेतकऱ्याचा नांगर, घूस, रस्ता रुंद करणारा जेसीबी यांपैकी बहुतेकांचा हात तेथे पोहोचत नाही.

काळीत कोणत्या दिवशी पाते घालावे हे ठरविण्यासाठी मराठीत एक शब्द आहे, ज्याच्या तोडीचा सुटसुटीत शब्द मला इंग्रजीत आढळला नाही. तो म्हणजे ‘वाफसा’. पाऊस पडून गेल्यावर चिखल ओसरावा, पण ओल टिकावी, माती हाताला चिकटू नये आणि दाबल्यास ढेकूळही होऊ नये, अशी ती मधली अवस्था. चिखलात पाते घातले, तर ट्रॅक्टर रुततो आणि चिरेच्या भिंती कुंभाराच्या हाताने सारवल्यासारख्या गुळगुळीत होऊन नंतर मिटत नाहीत. वैशाखातल्या कोरड्या काळीत घातले, तर ओढ भयंकर वाढते, टेबलाएवढी ढेकळे उचकटून येतात आणि नळीभोवती पोकळी राहते. केबल-तिफणीला वाफसा हवा. आणि तो पेरणीसारखा वरच्या चार बोटांचा पुरत नाही, पाते पोहोचेल तेथपर्यंतची ओल खड्डा घेऊन पाहावी लागते. आदर्श अवस्था ही की, वर ट्रॅक्टर घसरणार नाही इतके कोरडे आणि खाली पाते सरकेल इतके ओलसर. आपल्या माळव्यात ती पावसाळा सरल्यावर, रब्बीच्या तोंडाशी काही आठवडे मिळते. पण तेव्हाच शेतकऱ्याला हरभरा आणि गहू पेरावयाचा असतो! निविदा काढणाऱ्यांनी पंचांग नव्हे तरी पीकपाणी पाहावे.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच भागातले आहे. भोपाळ संस्थान आणि आसपासच्या प्रदेशात कांस नावाच्या गवताने फार मोठे क्षेत्र पडीक केले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले ते मुख्यतः या कामाच्या ट्रॅक्टरांसाठी. भारी चेन ट्रॅक्टर आणि खोल नांगर यांनी ती जमीन उन्हाळ्यात उलथली, कारण कांसाच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळल्या पाहिजेत. तेथे कोरडेपणा हाच मित्र होता. त्या परंपरेतूनच १९५५ साली सीहोर जिल्ह्यात बुदनी येथे ट्रॅक्टरचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि १९७६ साली भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. याच संस्थेने काळ्या रानातल्या सोयाबीनच्या शेतांत निचऱ्यासाठी मोल नांगराचे प्रयोग केले आणि तेथे मात्र जमिनीच्या पोटात ओल असणे आवश्यक ठरले, नाहीतर बोगदा ढासळतो. माती तीच, गावही तेच. पण कांस उलथणाऱ्याला ऊन हवे आणि बोगदा पाडणाऱ्याला ओल. आपण काय करून मागे काय ठेवणार, यावर औत आणि ऋतू दोन्ही ठरतात. केबल पुरणाऱ्यांनी परदेशी माहितीपत्रकांबरोबर बेरसिया रस्त्यावरील या संस्थेचे दारही ठोठावावे, असे मला मनापासून वाटते.

तारेला जमिनीत घालण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. डॉ. विल्यम ओ’शॉनेसी यांनी कलकत्त्यात १८३९ साली तारेचे प्रयोग केले. १८५१ मध्ये खुल्या झालेल्या कलकत्ता–डायमंड हार्बर मार्गाचा काही भाग जमिनीखालून होता: लोखंडी गज, त्यांवर डांबरात भिजविलेले कापड आणि भोवती वाळू व राळ यांचे लेपण. पण १८५४ साली आग्र्याहून मुंबईकडे माळव्यातून तार आली, ती खांबांवरूनच.

आणि औताने तार पुरण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतला. सॅम्युअल मोर्स यांना १८४३ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर या सुमारे चाळीस मैलांच्या तारेसाठी तेथील संसदेने तीस हजार डॉलर मंजूर केले. शिशाच्या नळीत तार घालून ती पुरावयाची होती. नांगराच्या विक्रीसाठी हिंडणारा एझ्रा कॉर्नेल नावाचा तरुण भागीदाराच्या घरी सहज आला असताना त्याला विचारणा झाली, आणि त्याने चीर पाडून, नळी सोडून, माती मिटविणारे औत बनवून दिले. तेही अर्थातच तिफणच होते. खेचरांनी ओढलेले ते औत अप्रतिम चालले. काही मैल नळी पुरली गेली, आणि मग ध्यानात आले की, नळीतल्या तारेचे आवरण निकामी झालेले आहे. संदेश जात नाही. काम थांबविण्यास वृत्तपत्रांना सांगण्याजोगे कारण हवे होते. कॉर्नेलने आपले औत मुद्दाम एका खडकावर घातले आणि मोडले! यंत्र मोडल्याची बातमी छापली गेली, खरी बातमी झाकली गेली. पुढे तार खांबांवर चढविली गेली आणि २४ मे १८४४ रोजी पहिला संदेश गेला. कॉर्नेल श्रीमंत झाला आणि १८६५ साली त्याच्या नावाने विद्यापीठ निघाले.

मला ही कथा विनोदी वाटत नाही. औत उत्तम, मातीही योग्य. पण जे पुरले ते पुरण्याआधी तपासले नव्हते, आणि मिटलेली जमीन कोणालाच काही सांगत नाही. तिफणीने सदोष बी पेरले, तर निदान पंधरवड्यात शेत बोलते. पुरलेली नळी दोन-तीन पावसाळे गप्प राहते. म्हणून रिळावरील नळी उतरविण्यापूर्वी तिच्यात हवेचा दाब धरून पाहणे, आणि पुरल्यानंतर पुन्हा दाब व नळीतून ठोकळा सरकवून तपासणे, या दोन गोष्टी यंत्राच्या किमतीइतक्याच निवडीच्या भाग आहेत. आणखी एक बारकावा त्या विद्यार्थ्याने दाखविला: दुपारच्या उन्हात रिळावरची प्लॅस्टिकची नळी तापून लांबते, जमिनीत गार पडल्यावर ती आकसते. टोके तेव्हाच कापली, तर सकाळी जोडावर ती आखूड पडते. म्हणून थोडी सैल ठेवून एक रात्र जाऊ द्यावी. शेतकरी ओले लाकूड हळसाला वापरीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता मघाचा मधला मार्ग. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी मिळाली. पुढे ती भारतनेट झाली. गावात रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र, पंचायतीचे दाखले, मुलांचे प्रवेशअर्ज हे सारे अशा जोडणीवर उभे राहू लागले. एका गावात, ज्याचे नाव मी घेत नाही, मी तीन दिवस रेशनच्या रांगेत माणसे परत जाताना पाहिली. केबल तुटली होती. तुटण्याचे कारण एका शेतकऱ्याचा खोल नांगर हे सांगितले गेले आणि त्याच्यावरच दोष आला. तो म्हणाला, “मी बापजाद्यांच्या खोलीइतकेच नांगरले, तार माझ्या वाटेत आली.” त्याचे म्हणणे खरे होते. उघड्या पडलेल्या जागी मी टेपने मोजले: नळी गुडघ्याइतक्याही खोलीवर नव्हती. पुरणाऱ्याचे यंत्र अपुऱ्या ताकदीचे, माती भारी, हंगाम कोरडा. पाते वर उचलले गेले आणि मीटरचे पैसे मात्र लांबीवर मिळाले. लाकडी नांगरात हळसाला जू कोठे बांधले यावर खोली ठरते आणि रुमणे धरणाऱ्याच्या हाताला ती तासातासाला कळते. या यंत्रात ती चालकाच्या पुढ्यातील दांड्यावर असते, आणि पाते कधी वर आले हे त्याच्याखेरीज कोणालाही दिसत नाही. तेव्हा खोलीची नोंद आपोआप ठेवणारे साधन ज्या यंत्रात असेल ते थोडे महाग असले तरी घ्यावे. आणि ते नसल्यास ठरावीक अंतरावर खड्डा उघडून मोजल्याशिवाय देयक मंजूर करू नये. चालकाला दोष देणे सोपे आहे. पण ज्याने त्याला दुबळे यंत्र दिले आणि मीटरवर मजुरी बांधली, त्याचा दोष आधीचा.

या सगळ्यात जमिनीचा जाणता माणूस कोठेच विचारला जात नाही, याची मला खंत आहे. सर्वेक्षणाच्या कागदावर ‘सॉफ्ट सॉइल’ आणि ‘हार्ड रॉक’ असे दोन रकाने पाहिले. काळी, भुरकी, मुरमाड, चोपण, पांढरी, थळ. आपल्याकडे किती शब्द आहेत! यांतील प्रत्येक शब्द पाते किती ओढ घेईल, चीर मिटेल की नाही आणि कोणत्या महिन्यात जावे हे सांगतो. कोणत्या बांधाखाली कातळ वर आलेला आहे, हे त्या शेतातल्या माणसाला फाळ बोथटून कळलेले असते. यंत्र ठरविण्यापूर्वी मार्गावरच्या दर गावात एक दिवस अशा माणसाबरोबर चालले, तर पुढचे कितीतरी खड्डे वाचतील, आणि त्यासाठी त्याची भाषा येणारा माणूस तुकडीत असला पाहिजे.

शाळेकडे माझी एक विनंती आहे. आपल्या भागात कोठे ना कोठे चर उघडा असतोच. मुख्याध्यापकांनी ठेकेदाराची परवानगी घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली, काठापासून सुरक्षित अंतर राखून, नववीच्या मुलांना तो पाहावयास न्यावे. वरची काळी किती, मुरूम कोठून लागला, दगड कोणता, ओल कोठवर उतरली हे त्यांनी वहीत रेखाटावे आणि त्या त्या थराची मूठभर माती आणून कपाटातल्या बरण्यांच्या शेजारी ठेवावी. बरणीवर गाव, महिना आणि खोली लिहावी. मातीचे नाव मात्र त्या शेतकऱ्याला विचारून, तो सांगेल तसे लिहावे. पहिल्या दहा बरण्यांचा खर्च मी आजच कार्यालयात जमा करीत आहे.